चिमूटभर क्षारांचा दीर्घ हिशेब

माणसाच्या शरीराच्या वजनात खनिजांचा वाटा जेमतेम चार टक्के. त्यातही मोठा हिस्सा हाडादातांत बसलेल्या कॅल्शियम आणि फॉस्फरसचा. मोठ्या माणसाच्या अंगात कॅल्शियम भरतं किलोभर, मॅग्नेशियम पंचवीसेक ग्रॅम, लोह तीन-चार ग्रॅम, जस्त दोन ग्रॅमच्या आगेमागे. आयोडीन तर मिलिग्रॅममध्येच मोजावं लागतं. यातला एक कणही शरीराला स्वतः घडवता येत नाही. जमिनीतून पिकात उतरलेलं, पाण्यातून आलेलं, मिठातून मिळालेलं, एवढीच काय ती आवक. आणि या आवकीत खोट आली तरी ती लगेच जाणवत नाही. पंचविशीपर्यंत हाडांत जे साठायचं राहून गेलं, ते साठीत न्हाणीघरात पाय घसरला की कळतं. चाळीस वर्षं खारट खाणाऱ्याला कित्येकदा पहिली सूचना मिळते तीच अर्धांगवायूच्या झटक्याने.

या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिलं जातं. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत त्याचा साचाही ठरून गेला आहे: कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ, लोहासाठी पालक, खजूर आणि गूळ, पोटॅशियमसाठी केळी. या याद्या अगदीच चुकीच्या नाहीत, पण अर्धवट आहेत, आणि त्यांच्या भरवशावर माणसं वर्षानुवर्षं एखादाच पदार्थ किंवा एखादीच गोळी धरून बसतात, हे पाहून मला काळजी वाटते. अन्नातलं खनिज पोटात एकटं जात नाही. ते रक्तात उतरणार की तसंच बाहेर पडणार, हे त्याच्यासोबत काय खाल्लं यावर ठरतं. रक्तात उतरलं तरी दुसरं एखादं खनिज त्याला लघवीवाटे बाहेर काढू शकतं. म्हणून कोणतं खनिज किती मिलिग्रॅम खाल्लं एवढ्यावर हिशेब संपत नाही, कशाच्या तुलनेत किती खाल्लं हे पाहावं लागतं. हे सगळं पुस्तक या एका मुद्द्याभोवती उभं आहे.

मुद्दा पटावा म्हणून नलगोंड्याची हकिकत इथे विस्ताराने सांगायला हवी.

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला आणि आताच्या तेलंगणातला हा जिल्हा भूजलातल्या फ्लोराइडसाठी जुन्या काळापासून ओळखला जातो. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की लहानपणी दातांवर तपकिरी पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की हाडं दाट होत जातात, सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. दक्षिणेतल्या या आजाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत १९३७ सालीच झाली होती. पण १९७०च्या सुमारास नलगोंड्याच्या गावांत काही वेगळंच दिसू लागलं. ऐन वाढीच्या वयातल्या मुलांचे गुडघे आत वळू लागले. उभं राहिलं की गुडघे एकमेकांना टेकायचे आणि पावलं लांब राहायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये हा प्रकार मांडला. प्रश्न सरळ होता. विहिरी जुन्या, फ्लोराइड जुनं, गावकरीही तेच. मग हा आजार नवा कसा?

या भागात मधल्या काळात एक मोठा बदल झाला होता. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण उभं राहिलं होतं. पाणी अडल्यावर आसपासच्या जमिनीतली पाण्याची पातळी वर आली आणि माती अधिक अल्कधर्मी झाली. अशा मातीत मॉलिब्डेनम हे खनिज पिकाला सहज मिळतं. तिथल्या ज्वारीत त्याचं प्रमाण चढलेलं आढळलं. मॉलिब्डेनम जास्त पोटात गेलं की शरीरातलं तांबं लघवीवाटे अधिक बाहेर पडतं, हे त्याच संस्थेतल्या प्रयोगांत दिसलं. आणि तांब्याशिवाय हाडातल्या कोलॅजनच्या धाग्यांची वीण घट्ट होत नाही. त्यात गरिबाघरचं जेवण, म्हणजे दूध जवळपास नाही आणि कॅल्शियम कमी. संशोधकांनी मांडलेली साखळी ही अशी होती: धरण, माती, ज्वारी, मॉलिब्डेनम, तांबं, आणि त्यावर फ्लोराइड आणि कॅल्शियमची उणीव. भात खाणाऱ्यांपेक्षा ज्वारीवर राहणाऱ्यांत हा आजार अधिक होता.

एका मुलाच्या गुडघ्यात चार खनिजांचा हिशेब बिघडला होता. त्यातलं कोणतंही एकच मोजलं असतं तर उत्तर हाती आलं नसतं. पोषणाच्या अभ्यासात मला याहून मोठा धडा सापडलेला नाही. ज्वारी वाईट ठरली असा अर्थ मात्र कुणी काढू नये. सोलापूर-मराठवाड्यातल्या पिढ्या ज्वारीच्या भाकरीवर वाढल्या आणि त्यांचे गुडघे सरळच राहिले. दोष धान्यात नव्हता. बदललेली माती, फ्लोराइडचं पाणी आणि निकृष्ट जेवण एकाच ताटात आल्यामुळे तो घडला. फ्लोराइड काढून टाकायची तुरटी आणि चुन्याची स्वस्त पद्धत नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने बसवली आणि ती 'नलगोंडा पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांना आजही फ्लोराइडचा त्रास आहे. तिथलं पाणी बदलणं हे शासनाचं काम आहे आणि ते टाळता कामा नये. पण त्याच गावातल्या मुलाला रोज पुरेसं कॅल्शियम मिळालं तर आतड्यातच काही फ्लोराइड बांधलं जातं आणि हाडांवरचा घाला सौम्य होतो. म्हणून अशा गावांत अंगणवाडीतल्या पोषण आहाराला दुप्पट महत्त्व आहे.

दुसरी हकिकत इराणची, पण तिचा नायक बिहारमधल्या बक्सरचा. आनंद प्रसाद पाटण्याला वैद्यक शिकून अमेरिकेत गेले आणि १९५८ साली शिराझला पोहोचले. तिथे त्यांच्यापुढे २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांचा पोरगा. उंची खुंटलेली, वयात आल्याची एकही खूण नाही, रक्तात लोह अगदी कमी. कुठे रक्तस्राव नाही, पोटात अंकुशकृमी नाहीत. खाणं म्हणजे खमीर न घातलेली गव्हाची रोटी आणि सोबत माती. नुसत्या लोहाच्या अभावाने वाढ इतकी खुंटत नाही, तेव्हा प्रसाद यांची शंका जस्तावर गेली. त्या काळी माणसाला जस्ताची कमतरता होऊच शकत नाही असं मानलं जात होतं, कारण ते सगळ्याच अन्नात असतं. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांच्या रक्तातलं जस्त मोजून आणि त्यांना जस्त देऊन प्रसाद यांनी आपलं म्हणणं सिद्ध केलं. काही मुलं वर्षभरात पाच-सहा इंच वाढली. अमेरिकेच्या आहारप्रमाणांत जस्ताला स्थान मिळालं ते मात्र १९७४ साली.

त्या रोटीत जस्त होतंच. पण धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं. ते जस्त, लोह आणि कॅल्शियम यांना घट्ट धरून ठेवतं आणि आतड्यातून आत जाऊ देत नाही. खमिरात पीठ आंबलं की फायटेटचा बराचसा भाग मोडतो. शिराझच्या खेड्यात ते घडत नव्हतं, आणि पोटात गेलेली माती उरलेलं जस्तही बांधून टाकत होती. आपल्याकडे गरोदरपणी माती, पाटीवरची पेन्सिल किंवा भिंतीचे पोपडे खावेसे वाटणाऱ्या बाईचं डोहाळे म्हणून कौतुक होतं. पण ही इच्छा बहुतेकदा लोहाच्या कमतरतेची खूण असते आणि अशा बाईची रक्ततपासणी व्हायला हवी.

फायटेटचं हे वाचून भाकरी सोडायची गरज नाही. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात फायटेट कमी असतं हे खरं, पण कोंड्याबरोबर खनिजंही निघून गेलेली असतात. मार्ग आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहे. मटकी भिजवून मोड आणणं, नाचणीची आंबील, इडली, ढोकळा, आंबोळी. भिजवण्याने, मोड आणण्याने आणि आंबवण्याने धान्य-कडधान्यातलं फायटेट उतरतं आणि आधीपासून असलेली खनिजं अंगी लागतात. आंबील उन्हाळ्यापुरती आणि मोडाची उसळ उपासाच्या आदल्या दिवसापुरती उरली असेल, तर ती आठवड्याच्या स्वयंपाकात परत यावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रसाद यांच्या कामाचा पुढचा टप्पा तितकाच बोलका आहे. सिकलसेलच्या रुग्णांत जस्त कमी असतं हे लक्षात आल्यावर त्यांना जस्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. काही काळाने त्यांतल्या काहींच्या रक्तातलं तांबं घसरलं. जस्त वाढलं की आतड्याच्या पेशींत एक प्रथिन वाढतं. ते तांब्याला पकडून ठेवतं आणि त्या पेशी झडल्या की तांबंही बाहेर जातं. तांबं घसरल्याचं हे निरीक्षण १९७८ साली प्रसिद्ध झालं. विल्सनच्या आजारात शरीरात तांबं साठत जातं. मग त्या आजारावर जस्त हेच औषध म्हणून वापरात आलं. एकाला तारणारी गोळी दुसऱ्या खनिजाला मारक ठरते. सर्दी-खोकल्याच्या साथीत दुकानातून जस्ताच्या गोळ्या आणून महिनोन्महिने खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

लोहाबद्दल इथे थोडक्यात, कारण पुढे एक अख्खं प्रकरण आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. इतक्या वर्षांच्या गोळ्यावाटपानंतर आकडा वर जावा ही राज्याला लाज आणणारी गोष्ट आहे. रक्तक्षयाची कारणं अनेक, पण एक आपल्या हातातलं आहे. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या गृहिणींवर केलेल्या प्रयोगांत जेवणासोबत चहा घेतला की अन्नातल्या लोहाचं शोषण फार घटतं, असं दिसलं. दुपारी जेवून उठल्याबरोबर चहा, किंवा सकाळी चहा-पोळी, ही आपल्याकडची सर्रास सवय. चहा जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवला आणि जेवणात लिंबू, आवळा, पेरू आला, तर तेच जेवण अधिक लोह देतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. गरोदर बाईला दोन्ही दिल्या जातात, पण वेगवेगळ्या वेळी घ्यायला तिला कुणी सांगत नाही.

कॅल्शियमचंही तसंच. पालकात ते भरपूर असतं, पण ऑक्झलेटने बांधलेलं. त्यातलं जेमतेम पाच टक्के अंगी लागतं, दुधातलं पंचवीस-तीस टक्के. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आणि तिची आंबील केली की त्यातलं अधिक वापरता येतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मोठ्या माणसासाठी कॅल्शियमचं प्रमाण २०२० साली सहाशेवरून हजार मिलिग्रॅमवर नेलं. पण हाडांचा हिशेब करताना मीठ विसरलं जातं. मूत्रपिंड जादा सोडियम बाहेर टाकतं तेव्हा सोबत थोडं कॅल्शियमही जातं. साधारण सहा ग्रॅम मिठामागे चाळीसेक मिलिग्रॅम. एका दिवसात हे नगण्य वाटतं. तीस वर्षं रोज घडलं आणि जेवणातून भरपाई झाली नाही, तर शरीर ते हाडांतूनच काढतं.

इथून आपण सोडियम आणि पोटॅशियमच्या जोडीकडे येतो. माझ्या मते आजच्या महाराष्ट्रासाठी या पुस्तकातला सर्वांत निकडीचा भाग हाच आहे.

प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त. हा फरक राखण्यासाठी पेशीच्या पडद्यावरचे पंप रात्रंदिवस चालतात, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेचाही मोठा हिस्सा त्यांना लागतो. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ साली हा पंप शोधला आणि १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. माणसाचं मूत्रपिंड ज्या काळात घडलं त्या काळात मीठ दुर्मीळ होतं आणि कंदमुळं, पानं, फळं यांतून पोटॅशियम मुबलक मिळत होतं. म्हणून ते सोडियम जपून ठेवतं आणि पोटॅशियम सढळ हाताने सोडतं. आजचं ताट नेमकं उलटं आहे.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक माणसांची लघवी आणि रक्तदाब तपासला गेला. त्यात दिल्ली आणि लडाखही होते. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत, आणि त्यांच्यात वय वाढलं तरी रक्तदाब वाढत नाही. म्हणजे म्हातारपणी रक्तदाब चढायचाच, हे आपण गृहीत धरून बसलो आहोत ते निसर्गाने ठरवलेलं नाही. १९९७ साली अमेरिकेत झालेल्या 'डॅश' प्रयोगात मीठ सगळ्या गटांना सारखंच ठेवलं होतं. फक्त फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध वाढवलं, म्हणजे पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम एकत्र वाढलं. तेवढ्यावर आठ आठवड्यांत उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी अकरा अंकांनी उतरला. आणि २०२१ साली चीनच्या ६०० खेड्यांतल्या जवळपास २१ हजार लोकांवरचा अभ्यास आला. त्यांतल्या बहुतेकांना आधी अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला होता. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना पाऊण भाग मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड. पाच वर्षांच्या आसपास काळात दुसऱ्या गटात अर्धांगवायू १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. ना महागडं औषध, ना शस्त्रक्रिया. फक्त घरातलं मीठ बदललं होतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ आणि किमान साडेतीन ग्रॅम पोटॅशियम सांगते. भारतात २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय पाहणीत मिठाची सरासरी आठ ग्रॅम निघाली. आपल्याकडे हे मीठ मीठदाणीतून कमी आणि सवयीतून जास्त येतं: भाजी-आमटीत दोन वेळा, पोळीच्या कणकेत, लोणच्यात, पापडात, चटणीत, ताकात, आणि संध्याकाळच्या फरसाणात. पोटॅशियम मात्र निसटतं. भाजी उकडून पाणी फेकलं की त्यासोबत ते जातं. भाताचा मांड ओतून दिला की काही जातं. कोकण-गोव्यात पेज पिणारी माणसं ते राखून ठेवतात. शहाळं, केळं, रताळं, चवळी, मसूर, टोमॅटो, पालेभाज्या यांतलं काहीच परदेशातून आणावं लागत नाही. घरातलं मीठ कमी करा हे सगळेच सांगतात, पण ताटातल्या भाजीची वाटी मोठी करा हे तितक्याच जोराने सांगायला हवं.

मीठ कमी केलं तर आयोडीनचं काय, अशी शंका काहींना येते. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी यांच्या चमूने १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कसा हटतो हे दाखवलं, आणि त्याच पायावर १९६२ सालचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. पाच ग्रॅम आयोडीनयुक्त मिठातून गरजेपुरतं आयोडीन मिळतं. मीठ थोडं पण आयोडीनचं, हे सूत्र पुरेसं आहे. अलीकडे 'नैसर्गिक' म्हणून सैंधव किंवा गुलाबी मीठ रोजच्या वापरात आलं आहे. त्यातही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं आणि बहुधा आयोडीन नसतं. लहान मुलं आणि गरोदर बाई असलेल्या घरात ते एकमेव मीठ असू नये.

हे पुस्तक घरचा स्वयंपाक पाहणाऱ्यांसाठी, आशा कार्यकर्त्यांसाठी आणि अंगणवाडी सेविकांसाठी लिहिलं आहे. पुढच्या प्रकरणांत एकेक खनिज येईल, पण प्रत्येक प्रकरणात त्याचे सोबती आणि विरोधक दोघेही भेटतील. एक सूचना मात्र आधीच वाचावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, आणि रक्तदाबाच्या ज्या काही औषधांनी शरीरात पोटॅशियम साठतं ती घेणाऱ्यांनी, पोटॅशियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

बाकी सगळ्यांना पहिलं पान उलटण्याआधी एक विनंती आहे. माणशी पाच ग्रॅम धरले तर चार माणसांच्या घराला महिन्याला सहाशे ग्रॅम मीठ पुरतं, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण आणि बाहेरचं खाणं आलं. या महिन्याची मिठाची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहून ठेवा, आणि ती किती दिवसांत संपते ते पाहा.